बाळाचं पोट आणि पानाचा देठ

आत्या, तुमच्या नातीच्या पोराला सहा दिवस शी झाली नव्हती. सोमेश्वरनगरहून लेकीचा रोज फोन. पहिल्या दिवशी सहज सांगितलं, तिसऱ्या दिवशी काळजीनं, पाचव्या दिवशी रडत, आणि सहाव्या दिवशी सकाळी फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "आई, आमच्या सासूबाई पानाचा देठ लावू म्हणत्यात. एरंडेलात बुडवून. मी काय करू?" मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानंच फोन धरलेला. म्हटलं, "त्यांना सांग, पान हाय तर कात-चुना लावून खा म्हणावं. पोराला देठ लागला तर माझ्याशी गाठ हाय." मग एकेक विचारत गेले. अंगावर पितंय का? पितंय. लंगोट दिवसातनं किती ओले होतात? सात-आठ. पोटावर हात ठेव, मऊ लागतंय का ताठ? मऊ. उलटी हिरवी-पिवळी? नाही, नुसती दुधाची गुळणी. ताप? नाही. हसतंय का? "हसतंय काय, हुंकार देतंय आई, मलाच रडू येतंय." म्हटलं, मग बाई, दुखणं कुणाला हाय, तुला का त्याला? अडीच महिन्यांचं पोर, नुसत्या आईच्या दुधावरचं, आठवडाभर नाही केली तरी चालतं. केल्यावर मऊ असली म्हणजे झालं. सातव्या दिवशी दुपारी त्यानं केली. पिवळी धमक. लंगोट, दुपटं, चादर, जावयाची विजार, काही म्हणून सोडलं नाही. जावयानं तसाच फोटो पाठवला. मी हसून हसून खाली बसले.

पण त्या फोनमध्ये ती आणखी एक वाक्य बोलली, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणाली, "देठ म्हटलं की मला धडकीच भरती. आजीनं मला लावला आणि माझं पोट कापावं लागलं." ती हे अगदी सहज बोलते. लहानपणापासून बोलत आली आहे. तुमच्यावर राग नाही तिचा, उलट आजीचं नाव निघालं की अजून डोळे भरतात. पण तिला ते तसंच माहीत आहे. आणि मी त्या दिवशीही गप्प बसले, भाकरी परतली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर बाकीचं लिहायला हात धजायचा नाही.

मी लग्न होऊन निमगाव केतकीला आले तेव्हा अठरा वर्षांची होते. माझी आई मी नववीत असताना गेलेली, त्यामुळं घरात शिरल्या शिरल्या सासूला, म्हणजे तुम्हाला, आई म्हणू लागले. तुम्ही दोन दिवस ऐकून घेतलंत आणि तिसऱ्या दिवशी मळ्यात पानं खुडताना म्हणालात, "पोरी, आई एकच असती. गेली तरी एकच. मला आत्या म्हण." मला तेव्हा लागलं होतं ते. वाटलं, बया काय तोंडाची फटकळ आहे. आता कळतं, माझ्या आईची जागा तुम्ही घेतली नाहीत, राखून ठेवलीत. असं कुणी कुणासाठी करत नाही. पानमळ्यात तुमचा हात असा चालायचा की माझी एक टोपली भरेपर्यंत तुमच्या तीन व्हायच्या, वर तोंड चालूच. मी बोटभर लांब देठ ठेवून पान खुडलं की ओरडायचात आणि आखूड ठेवलं तरी ओरडायचात.

गावात तुमचं नाव मात्र पानांमुळं नव्हतं, देठामुळं होतं. कुणाचं पोर कळ देऊन रडलं, तोंड लाल करून कुंथलं, दोन दिवस शी झाली नाही, की बाई पोराला पदराखाली घेऊन आपल्या दारात. तुम्ही पाटावर बसून पाय लांब करायचात, पोर पायावर पालथं. कवळ्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या वाटेच्या कडेला नुसता टेकवायचात, की पोर मोकळं. बाया तुमच्या हाताला गुण आहे म्हणायच्या. पण मी जवळून बघत होते म्हणून सांगते, दहातल्या आठ बायांना तुम्ही देठ न लावताच परत पाठवायचात. आधी लंगोट मागायचात. "शी कसली हुती ती दाखव, किती दिस झालं ते मला नगो सांगू." मऊ असेल तर पोराचे पाय धरून सायकल चालवल्यासारखे पोटाशी न्यायचात, कोमट पाण्यात बसवायचात, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तेलाचा हात फिरवायचात आणि म्हणायचात, "कुंथतंय ते शिकतंय गं. तुला काय पयल्या दिशी भाकरी आली व्हती?" शी शेळीच्या लेंडीसारखी सुटी, कडक असेल, करताना पोर किंचाळत असेल, रक्ताची रेघ दिसत असेल, तर त्याला म्हणायचात पोट धरणं. आणि एक तुमचा कडक नियम होता. जन्मलेल्या लेकरानं एका दिवसात काळी शी केली नसेल तर त्याला हात लावायचा नाही. देठ नाही, गुटी नाही, मध नाही. "ते माझं काम न्हाय. त्याला दवाखाना." हे तुम्हाला कुणी शिकवलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "एक पोर गेलं व्हतं," आणि उठून गोठ्यात गेलात.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझ्या माहेरी करणारं कोण? ते सासरीच झालं. तुमची नात इंदापूरच्या दवाखान्यात सकाळी जन्मली. तो दिवस आणि ती रात्र तुम्ही माझ्या खाटेशी बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाळंतिणीची खोली सारवायची, शेकाची तयारी करायची म्हणून तुम्ही घरी गेलात. संध्याकाळी मला सोडलं. मळ्यातल्या पानांच्या टोपल्या ज्या जीपमधून जायच्या त्याच जीपमधून आम्ही घरी आलो, अजून पानांचा वास होता आत. दिवेलागण झाली होती. तुम्ही भाकरतुकडा ओवाळून टाकलात, नातीला घेतलंत, आणि घरात आणल्यापासून ती जी रडायला लागली ती थांबेना. दूध तोंडात धरेना. पोट थोडं ताठ लागत होतं. शेजारच्या दोघी आल्या, त्या आल्याआल्या म्हणाल्या, अहो तुमी असताना काय, लावा की देठ. तुम्ही थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिलात. मग उठलात, पान आणलंत, देठ लावलात. आणि आत्या, काय वारा सुटला तिच्या पोटातून! चिमूटभर काळं आलं. पोट बसलं, पोरगी शांत झाली, प्यायली, झोपली. घरात हसू फुटलं. मामा, तुमचे मालक, बाहेर ओट्यावरून म्हणाले, "झाली का मोकळी आमची पावनी?" सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला. मला इतकं हलकं वाटत होतं की त्या चहाची चव अजून आठवते.

सकाळी तिनं हिरवी उलटी केली. पोट पुन्हा ताठ, ढोलासारखं, वरच्या शिरा दिसतात असं. शेजारणी पुन्हा आल्या आणि पुन्हा तेच, काल लगेच आलं होतं, लावा परत. तुमच्या हातात पान होतं. मला ते दृश्य आत्ता दिसतंय. तुम्ही दारात उभ्या आहात, पान धुतलेलं, पाणी निथळतंय, आणि तुम्ही नातीच्या पोटाकडे बघताय. मग पान तसंच देव्हाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवलंत आणि ह्यांना म्हणालात, "जीप काढ." हे म्हणाले, पानं भरलीत. "उतरव पानं. देठानं आलं ते खरं न्हाय. पोरीचं पोरीनं आलं पायजे." पानं अंगणात ओतली, कुणी नीट ठेवलीसुद्धा नाहीत. कारखाने चालू होते, बारामतीच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची ही रांग. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये आमची जीप अडकली की तुम्ही खाली उतरायचात, पदर खोचायचात आणि पुढच्या ड्रायव्हरला हात जोडायचात. एकानं ऐकलं नाही तर त्याच्या ट्रॉलीपुढं जाऊन उभ्या राहिलात. "माझ्या अंगावरनं ने, न्हायतर बाजूला घे." त्यानं घेतली बाजूला. मी मागं बसून पोरीच्या नाकापुढं बोट धरून बघत होते श्वास चालू आहे का.

बारामतीचे बालरोगतज्ज्ञ तापट होते. बाहेर बाकांवर तीस-चाळीस माणसं, दार सताड उघडं. त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, घरी काही केलं का? हे माझ्याकडे बघायला लागले, मी खाली. नाही म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? तुम्ही पुढं झालात. म्हणालात, "मी केलं डॉक्टरसाहेब. काल सांच्याला पानाचा देठ लावला, एरंडेल लावून. वारा आला, इतकुसं काळं आलं, पोट बसलं. सकाळी परत चढलं." डॉक्टर जे सुरू झाले! अडाणीपणा, पोराच्या जिवाशी खेळ, आत इजा झाली असेल तर जबाबदार कोण. बाहेरचा सगळा बाक ऐकत होता, त्यात आपल्या गावचेही दोघे होते. तुम्ही हात जोडून उभ्या. एक शब्द उलट बोलला नाहीत. तुम्ही, आत्या! ज्या बाईनं सरपंचाला बांधावरून पिटाळलं होतं ती. डॉक्टर दमले तेव्हा एवढंच म्हणालात, "माझं काय करायचं ते मागनं करा. तुमाला सगळं म्हाईत असाया पायजे म्हणून सांगितलं." त्यांना आधी वाटलं देठानंच आत जखम झाली. त्याच दिशेनं तपासण्या झाल्या, पोटाचे फोटो काढले, त्यात दुपार गेली. मग म्हणाले, हे काहीतरी वेगळं आहे, पुण्याला न्या, आत्ताच्या आत्ता.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं कागदावर आतडं काढून समजावलं. म्हणे आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात शी पुढं ढकलणाऱ्या नसाच तयार झालेल्या नाहीत, जन्मतःच. त्यामुळं वरचं वर अडकून राहतं. पहिल्या दिवशी काळी शी होत नाही ती यामुळंच, आणि बाहेरून काही लावलं की तेवढ्यापुरता वारा सुटतो, लोकांना वाटतं बरं झालं. देठानं हे झालेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. पण हे ऐकायला तिथं बारामतीच्या बाकावरचं कुणी नव्हतं. तीन दिवसांच्या लेकराचं ऑपरेशन झालं. पोटाला डाव्या बाजूला छिद्र करून आतड्याचं तोंड बाहेर ठेवलं. वर्षभर शी तिथून येणार, मग खराब तुकडा काढून पुन्हा जोडणार. मी ते पहिल्यांदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. लाल, ओलं, बोटभर. तुम्ही बघितलंत आणि सिस्टरला विचारलंत, "हे पुसायचं कशानं?"

ते वर्ष मी कसं काढलं असं लोक विचारतात. मी काढलंच नाही, तुम्ही काढलंत. मामांची जुनी धोतरं फाडून, उकळून, उन्हात कडक वाळवून तुम्ही चौकोनी घड्या करून ठेवायचात. दिवसातून पंधरा-वीस वेळा बदलायच्या. भोवतालची कातडी लाल झाली की दवाखान्यातलं पांढरं मलम, वर घडी, वर पोटाला सैल पट्टा. मी नाकाला पदर लावून बाजूला उभी. दीड महिना तुम्ही काही बोलला नाहीत. मग एका सकाळी घडी माझ्या हातात कोंबलीत. "शी बघाया लाजती? किळस येती? मंग आय कशाला झालीस? हिला सांगता येत न्हाय. हिचं सगळं बोलणं ह्यातच हाय. घट हाय का पातळ, हिरवं हाय का पिवळं, आलं का न्हाय आलं. ह्ये वाचाया शिक, न्हायतर पोरगी हातची जाईल." मला इतका राग आला! रडत रडत केली साफ. दुसऱ्या दिवशी रडले नाही. महिनाभरानं मी एका हातानं करत होते आणि दुसऱ्या हातानं चहा पीत होते. तुम्ही बघितलंत आणि मामांना म्हणालात, "आता झाली ही आय." समोर कधी कौतुक करायचं नाही, ही तुमची खोडच.

लोकांची तोंडं कुठं धरणार? एकीनं ओट्यावर बसून म्हटलं, असली पोर कशाला वाढवायची, उद्या लग्न कोण करील. तुम्ही सूप पाखडत होता. सूप खाली न ठेवता म्हणालात, "पोटातनं करती. तुझ्या परसात तर न्हाय ना करत? मंग तुला काय वास आला?" ती परत आली नाही. मी आत माझं हसू दाबत होते, आणि पहिल्यांदा मला वाटलं, मी या घरात एकटी नाही. आत्या, तुमचे उपकार कशाकशाचे मानू? ऑपरेशनाचे मानू, उसाच्या ट्रॉलीचे मानू, का त्या सुपातल्या वाक्याचे?

वर्षानं दुसरं ऑपरेशन झालं. खराब तुकडा काढला, जोडलं, काही दिवसांनी वरचं छिद्रही बंद केलं. मग सगळा वॉर्ड आमच्याबरोबर वाट बघत होता. डॉक्टर सकाळी यायचे आणि गुड मॉर्निंगच्या जागी "झाली का?" विचारायचे. चौथ्या दिवशी झाली. स्वतःच्या वाटेनं, स्वतःच्या जोरावर. तुम्ही खाली जाऊन पेढे घेऊन आलात आणि वॉर्डभर वाटलेत. एका आजोबांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, काय झालं, मुलगा का मुलगी? तुम्ही म्हणालात, "शी झाली." ते तोंडातला पेढा तसाच धरून बसले. सिस्टर इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं.

पण तिचं पोट पुढची चार-पाच वर्षं धरायचंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं, वळण लावायला लागेल. ते वळण तुम्ही लावलंत. सकाळी पेज खाऊन झाली की पाटावर बसून दोन्ही पावलं जुळवून तिला पावलांवर बसवायचात. रोज, त्याच वेळी, होवो न होवो. दहा मिनिटं गाणी, गोष्टी, चिमण्या दाखवणं. झाली नाही तर रागवायचं नाही. वरचं अन्न वाढवायची वेळ आली तेव्हा बिस्किट दुधात कालवून द्यायला घरोघरच्या बाया सांगायच्या. तुम्ही बिस्किटाचा पुडा म्हशीला घातलात. भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून, पिकली पपई, मऊ भात, पालकाचं पाणी, आणि घोट घोट पाणी दिवसभर. कुणाच्या पोराला वरचं दूध चालू असेल आणि ते पोट धरत असेल तर तुम्ही आधी डबा आणि चमचा बघायला जायचात. पोर बाळसं धरावं म्हणून आया पावडर जास्त घालतात, घट्ट दूध पाजतात, आणि मग देठ शोधत फिरतात. "डब्यावर लिवलंय तेवढंच घाल. तुझं ल्येकरू हाय, भिंत न्हाय लिंपायची." हे तुम्ही इतक्या जणींना सांगितलंत की पुढं अंगणवाडीताईसुद्धा तेच सांगू लागल्या.

देठ मात्र तुम्ही त्या दिवसानंतर कुणालाही लावला नाहीत. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूनं देठ घालून नातीचं आतडं फाडलं, असं. ज्या बाया पदराखाली पोर घेऊन यायच्या त्या आपलं दार ओलांडून पुढं जाऊ लागल्या. बारशाला तुम्हाला पुढं बसवायचे, ते मागं बसवायला लागले. तुम्ही मागं बसलात. पुण्याच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्हाला पाठ होतं, पण तुम्ही कुणाला सांगत नव्हता. मी एकदा म्हटलं, सांगा की आत्या, देठानं नाही झालं म्हणून. तर म्हणालात, "देठानं न्हाय झालं, पर देठानं एक रात गेली. त्यवडी माझ्या पदरात ऱ्हाऊ दे. ऐकून दुसरी कुणी लावायची न्हाय." वर्षा-दोन वर्षांनी बाया पुन्हा येऊ लागल्या, आणि तुम्ही प्रत्येकीला आधी तेच सांगायचात: मी माझ्या नातीला लावला आणि चुकले. तुम्ही तो डाग लपवला नाहीत, वापरलात. आणि तीच गोष्ट ऐकत तुमची नात मोठी झाली.

आता ती गोष्ट. या वर्षी तिचं बाळंतपण बारामतीत झालं. मी खाटेशी होते. दुसऱ्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आली. बाळ पितंय का, लघवी झाली का, शी झाली का. पोरगी झोपेतच हो म्हणायला लागली, तर मी तिचा हात धरला आणि म्हटलं, थांबा सिस्टर, दाखवते. दुपटं उघडलं. होती, काळी, डांबरासारखी, भरपूर. पोरगी म्हणाली, "आई, केवढी बघती गं! रडती काय?" मी रडतच होते.

कारण सव्वीस वर्षांपूर्वी इंदापूरला सिस्टरनं मला हेच तीन प्रश्न विचारले होते, आणि मी तिन्हींना हो म्हणाले होते. पहिली दोन खरी होती. तिसरं मी बघितलंच नव्हतं. टाके ओढत होते, लंगोट उघडायची किळस येत होती, ह्यांची जीप खाली येऊन उभी होती. नाही म्हणाले तर आणखी एक दिवस ठेवतील असं वाटलं. मला घरी यायचं होतं, तुमच्याजवळ. दारात उतरले तेव्हा भाकरतुकडा ओवाळता ओवाळता तुम्हीही विचारलंत, "काळी शी झाली का गं?" तुम्हालाही मी झाली म्हटलं. म्हणून तुम्ही देठ लावलात. मी खरं बोलले असते तर तुमच्या नियमानं तुम्ही तिला हात लावला नसता, त्याच संध्याकाळी जीप बारामतीकडं वळली असती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या भरवशावर सांगितलंत, काळी दवाखान्यात झाली म्हणून, आणि त्यामुळं ते जखम शोधत बसले. मी तुमच्या मागं हातभर अंतरावर उभी होते, आत्या. तुम्ही चाळीस माणसांपुढं आपली चूक सांगत होता, आणि मी माझी गिळली. त्या दिवशी गिळली, मग वर्षभर, मग तुम्ही बारशांना मागं बसत होता तेव्हा, मग तुम्ही अंथरुणावर असताना रोज.

येत्या रविवारी पोरगी बाळाला घेऊन येणार आहे. तिला सांगायचं आहे की आजीनं तुझं पोट कापायला लावलं नाही, आजीनं तुला वाचवलं, आणि ती रात्र गेली ती माझ्यामुळं. तिच्या हातात देता यावं म्हणूनच हे लिहायला बसले होते. लिहून झालंय. पण खरं सांगते आत्या, तुमच्यासारखी भरल्या बाकापुढं उभी राहायची छाती माझी नाही, आणि मला आत्ताच दिसतंय, रविवारी ती आली की मी हे उशीखाली सरकवणार आणि म्हणणार, ये, बाळाला दे इकडं.